पुरेसे किती, हे कोण ठरवणार?



गेल्या वर्षी रमजानला आठवडाभर अवकाश असताना इशाच्या नमाजनंतर एक तरुण दांपत्य माझ्या घरी आले. तरुणाच्या हातात महिन्याच्या किराण्याचे लांबलचक बिल होते. त्याचे म्हणणे असे की, पगार तेवढाच आहे, घरातील माणसेही तेवढीच आहेत, तरी दर महिन्याला बिल वाढतेच आहे. पत्नीचा हात सैल आहे, तिला आपण काही समजवावे. पत्नीच्या डोळ्यांत पाणी होते. ती म्हणाली, “मौलाना, मी एकही वस्तू पूर्ण भावाने घेत नाही. जिथे सूट असेल तिथूनच घेते. बिलाच्या खालीच पाहा, या महिन्यात मी किती वाचवले ते छापलेले आहे.” खरोखरच बिलाच्या शेवटी ठळक अक्षरांत ‘आपली बचत’ असे लिहून एक रक्कम छापली होती. त्यावर नवरा म्हणाला, “मग ती बचत आहे कुठे? गावी अम्मीला तीन महिने पैसे पाठवलेले नाहीत.”

मी ते बिल वाचले. तांदूळ, डाळ, तेल, पीठ, चहा-साखर यांच्या ओळी थोड्याच होत्या. उरलेले बिल फरशीचे लिक्विड, ओट्याचे वेगळे, काचेचे वेगळे, न्हाणीघराचे वेगळे, हात धुण्याचे वेगळे, खोलीत सुगंध पसरवणाऱ्या यंत्राची नवी बाटली, दोनवर एक मोफत मिळालेले साबण आणि मुलांच्या आवडीच्या चित्रांची टूथपेस्ट यांनी भरले होते. यातली एकही वस्तू हराम नव्हती. एकही वस्तू तशी निरुपयोगी नव्हती. तरीही या सर्वांनी मिळून एका वृद्ध मातेचा हक्क अडवला होता, आणि घरातल्या दोघांनाही ते कळले नव्हते. पत्नी आपल्या समजुतीप्रमाणे काटकसरच करत होती आणि नवरा तिच्यावर उधळपट्टीचा आरोप ठेवत होता. दोघांच्या मध्ये उभा असलेला तिसरा पक्ष कोणालाच दिसत नव्हता. आजचा हा पाठ त्या तिसऱ्या पक्षाला ओळखण्यासाठी आहे.

कुरआनचा क्रम पाहा

सूरह बनी इस्राईलच्या २६ व्या आणि २७ व्या आयतींकडे आपण बारकाईने लक्ष द्यावे. तेथे अल्लाहने प्रथम नातेवाइकाला त्याचा हक्क देण्याचा आदेश दिला, मग गरजवंताचा आणि वाटसरूचा उल्लेख केला आणि त्याच ओघात उधळपट्टी करू नका असे फर्माविले. पुढच्याच आयतीत उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊबंद म्हटले आहे. आधी हक्क द्या आणि मग उधळू नका, असा हा क्रम आहे. यातून एक सूक्ष्म बोध मिळतो. जो पैसा उधळला जातो, तो केवळ आपल्या खिशातून जात नाही. बहुतेक वेळा तो कोणाच्या तरी हक्कातून जातो. आईचे औषध, विधवा बहिणीची मदत, मकतबची फी, शेजाऱ्याच्या घरची चूल यांचा वाटा त्यात असतो.

या संदर्भात तीन संज्ञा ध्यानात ठेवाव्यात. ‘इस्राफ’ म्हणजे वैध गोष्टीतही मर्यादा ओलांडणे. सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्या-पिण्याची आणि पोशाखाची मुभा देऊन लगेच इस्राफपासून रोखले आहे. ‘तब्जीर’ म्हणजे पैसा जिथे खर्च व्हायला नको तिथे खर्च करणे, हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी या शब्दाचा अर्थ असाच सांगितला आहे. तिसरी संज्ञा ‘बुख्ल’, म्हणजे जिथे खर्च करणे कर्तव्य आहे तिथे हात आखडणे. सूरह अल-फुरकानच्या ६७ व्या आयतीत रहमानच्या दासांचे जे गुण सांगितले आहेत, त्यांत उधळेपणा आणि कंजूषपणा या दोहोंच्या मधला समतोल हा एक गुण आहे.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. मर्यादा ओलांडली असे म्हणायचे तर मर्यादा कुठे आहे, हे ठाऊक हवे. ‘पुरेसे’ म्हणजे किती? पूर्वी याचे उत्तर घरातील मोठी माणसे, शेजार आणि आपली ऐपत मिळून देत असत. आज हे उत्तर बहुतांशी बाजार देतो. बाजाराच्या बहुतेक युक्त्यांचे मर्म हेच आहे की, ‘पुरेसे’ ठरवण्याचे माप आपल्या हातून काढून घ्यायचे. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांचा धिक्कार आहे. आजच्या वेष्टनावरचे वजन बहुधा खरे असते, तागडीही खरी असते. सरकवले जाते ते आपल्या गरजेचे माप. ते कोणत्या पाच प्रकारांनी सरकवले जाते ते पाहू.

पहिली युक्ती : लाज आणि भय

१८७९ साली अमेरिकेत एक जंतुनाशक द्रव तयार झाला. शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर रुजवणारे इंग्रज शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून त्याला ‘लिस्टरिन’ हे नाव देण्यात आले. कित्येक वर्षे तो मुख्यतः वैद्यकीय उपयोगाचा पदार्थ होता. १९२० च्या दशकात त्याच्या जाहिरातींचा रोख बदलला. तोंडाच्या दुर्गंधीसाठी ‘हॅलिटोसिस’ हा वैद्यकीय भासणारा, लोकांच्या फारसा परिचयाचा नसलेला शब्द पुढे आणण्यात आला. या दोषामुळे एखाद्या मुलीचे लग्न जमत नाही, मित्र दूर होतात आणि तिला कोणी कारण सांगत नाही, अशा कथा जाहिरातींतून रंगवण्यात आल्या. द्रव तोच होता. नवी तयार झाली ती लाज. लाज तयार झाल्यावर खप वाढण्यास वेळ लागला नाही.

आपल्या घरात येणाऱ्या जाहिरातींकडे या दृष्टीने पाहा. शेजारीण मुलाच्या शर्टाच्या कॉलरकडे पाहते, पाहुणी नाकाला रुमाल लावते, शाळेतली मुले हसतात. बहुतेक वेळा लाज वाटून घेणारी व्यक्ती आई किंवा सून असते. स्वच्छतेचे सारे ओझे तिच्या अब्रूशी बांधायचे आणि त्या ओझ्यावर बाटली विकायची, ही ती रीत.

काही भगिनी म्हणतात की, पावित्र्य हा तर ईमानचा अर्धा भाग आहे, मग यात गैर काय? ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे आणि ती आमच्या शिरोधार्य आहे. पण त्या हदीसमध्ये ज्या तहारतचा उल्लेख आहे, तिच्या अटी शरीअतने ठरवून दिल्या आहेत, त्या जाहिरातदाराने ठरवाव्यात असे नाही. फिकहचा प्रसिद्ध नियम आहे की, कपड्याला लागलेली नजासत पाण्याने धुवून काढल्यावर, प्रयत्न करूनही न जाणारा डाग राहिला, तरी कपडा पाक आहे आणि त्यात नमाज दुरुस्त आहे. सुगंध येणे ही अट नाही, फेस येणे ही अट नाही, दुधासारखी शुभ्रता ही अट नाही. स्वच्छ पाणी आणि साधा साबण यांनी आपले घर पाक होते. त्यापुढचे जे आहे ते आवडीचे आहे. ते ऐपतीप्रमाणे घ्यावे, परंतु त्याच्याअभावी कोणी स्वतःला कमी लेखू नये.

इमाम गजाली (रह.) आणि त्यांच्यानंतर इमाम शातिबी (रह.) यांनी माणसाच्या गरजांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. ‘जरूरियात’ म्हणजे ज्यांच्यावाचून जीवन मोडून पडेल; ‘हाजियात’ म्हणजे ज्यांच्यावाचून जीवन कष्टाचे होईल; आणि ‘तहसीनियात’ म्हणजे ज्यांनी जीवनाला शोभा येते. तिन्ही वैध आहेत, पण तिन्हींचा मान सारखा नाही. जाहिरात तिसऱ्या पायरीवरची वस्तू उचलून पहिल्या पायरीवर ठेवते. खरेदी करताना ती पुन्हा तिच्या जागी ठेवणे हे आपले काम आहे.

दुसरी युक्ती : वापर वाढवणे, आयुष्य घटवणे

वस्तू घरात आल्यावर ती लवकर संपावी, यातही विक्रेत्याचे हित असते. टूथपेस्टच्या जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची जाड, वळणदार लड दाखवलेली असते. दंतवैद्य मात्र तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याच्या दाण्याएवढी आणि त्याहून लहान मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट घेण्यास सांगतात. कपडे धुण्याच्या लिक्विडचे झाकण हातात घेऊन पाहा. मापाची रेघ बहुधा आतल्या बाजूला, काठाच्या बरीच खाली असते. घाईत आपण झाकण काठोकाठ भरतो. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छता, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात जादा साबण कपड्यातच राहतो आणि तो काढण्यासाठी पाणीही जास्त लागते. फेसाचेही तसेच. फेस आणि मळ काढण्याची शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण डोळ्यांना फेस दिसला की मनाला समाधान होते, हे उत्पादकांना पक्के ठाऊक असते.

वस्तूचे आयुष्य जाणूनबुजून कमी केल्याचाही एक दाखला इतिहासात नोंदलेला आहे. डिसेंबर १९२४ मध्ये जिनीव्हा येथे जगातील मोठ्या विजेच्या दिव्यांच्या कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला. त्या काळी बल्ब दीड ते दोन हजार तास चालू शकत. संघाने घरगुती बल्बचे आयुष्य १००० तासांवर आणण्याचे ठरवले. ज्या कारखान्याचा बल्ब त्याहून बराच अधिक टिकेल त्याला दंड भरावा लागे. चांगली वस्तू बनवल्याबद्दल दंड! आपल्या कारागिरीचा हा केवढा अपमान!

आता याच्या शेजारी आपल्या प्रेषितांची (स.) सुन्नत ठेवून पाहा. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार अल्लाहचे प्रेषित (स.) एका ‘मुद’ पाण्याने वुजू करत, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मुद म्हणजे साधारण माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. पाण्यासारखी फुकट मिळणारी वस्तू, वुजूसारखी इबादत आणि अल्लाहचे प्रेषित (स.) स्वतः वापरणारे, तरीही माप ओंजळीचे. मग विकत आणलेल्या साबणाला काहीच माप नसावे काय? जेवताना बोटे व ताट पुसून खाण्याची सुन्नत आपण मुलांना शिकवतो. अन्नाच्या कोणत्या कणात बरकत आहे हे आपल्याला ठाऊक नसते, असे त्यामागचे कारण हदीसमध्ये आले आहे. ट्यूब शेवटपर्यंत पिळून वापरणे, बाटलीत तळाला उरलेले लिक्विड पाणी घालून खळबळून घेणे, याला कोणी चिकूपणा म्हणून हसले तर हसू द्या. या सवयीचे मूळ सुन्नतीत आहे.

तिसरी युक्ती : फुगलेली कास

प्रेषितांच्या (स.) काळात अरबस्तानच्या बाजारात एक लबाडी चालत असे. उंटीण किंवा शेळी विकायची असेल तर मालक दोन-तीन दिवस तिचे दूधच काढत नसे. कास टम्म फुगे आणि गिऱ्हाइकाला वाटे की जनावर मोठे दुभते आहे. या कृत्याला ‘तस्रिया’ म्हणतात. प्रेषितांनी (स.) त्याला मनाई केली आणि असे जनावर घेणाऱ्याला तीन दिवसांपर्यंत ते ठेवण्याचा किंवा परत करण्याचा अधिकार सांगितला. परत करण्याच्या तपशिलाबाबत फिकहच्या इमामांत मतभेद आहे. ही फसवणूक नाजायज आहे याबाबत मात्र मतभेद नाही.

या लबाडीत मालक तोंडाने एकही खोटा शब्द बोलत नव्हता, हे लक्षात घ्या. तो फक्त दिसणे बदलत होता. आजच्या बाजारातही कास फुगवली जाते. पिशवी मोठी असते, आत हवा अधिक असते. डब्याचा तळ आत दाबलेला असतो. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांचा भाव वर्षानुवर्षे तोच राहतो, पण आतले ग्रॅम हळूहळू कमी होत जातात. कारण भाव वाढलेला गिऱ्हाइकाला तत्काळ कळतो, वजन घटलेले कळत नाही. निव्वळ वजन वेष्टनावर छापलेले असते, म्हणून कायद्याने बोट ठेवता येत नाही. परंतु ओल्या धान्याची हदीस आठवा. बाजारातून जाताना प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की, मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस सांगते की, खरे असणे पुरेसे नाही. खरे ते समोर दिसले पाहिजे.

गिऱ्हाइकाने आपल्या परीने राशीत हात घालून पाहावे. आपल्या देशात वेष्टनबंद मालासंबंधीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार एमआरपीबरोबर प्रति ग्रॅम, प्रति मिलिलिटर किंवा प्रति किलो भावही छापणे बंधनकारक झाले. तो आकडा बारीक अक्षरांत असतो, पण असतो. दोन वस्तूंची तुलना करताना तेवढाच आकडा पाहावा. मोठा पॅक नेहमी स्वस्तच पडतो, हा समजही त्यामुळे तपासून घेता येतो. शाम्पूच्या बाबतीत पुडीतला मिलिलिटर बाटलीतल्यापेक्षा स्वस्त असल्याचे अनेकदा आढळते.

चौथी युक्ती : भावाचा भ्रम

९९ रुपयांची वस्तू आपल्याला शंभराची वाटत नाही, नव्वदीतली वाटते. एक रुपयाने आपल्याला काही मिळत नाही, पण मन सैल होते. त्याहून मोठा भ्रम खोडलेल्या किमतीचा. ‘४०० रुपये’ असे लिहून त्यावर आडवी रेघ मारायची आणि खाली ‘१९९’ लिहायचे. ती वस्तू कधी कोणाला चारशेला विकली होती का, हे कोणी विचारत नाही. बुखारी व मुस्लिममधील एका हदीसमध्ये ज्या तीन प्रकारच्या माणसांकडे अल्लाह कियामतच्या दिवशी पाहणारही नाही असे सांगितले आहे, त्यांत असरनंतर खोटी शपथ घेऊन ‘मला या मालाचे एवढे पैसे मिळत होते’ असे सांगणारा व्यापारी आहे. खोटी खोडलेली किंमत ही त्याच व्यापाऱ्याची न बोललेली शपथ आहे. खोट्या शपथेने माल खपतो, पण बरकत पुसली जाते, असा इशारा दुसऱ्या एका हदीसमध्ये आहे.

‘मोफत’ आणि ‘जास्त’ या शब्दांचा हिशेबही मुलांकडून करून घ्यावा. ‘२० टक्के जास्त’ याचा अर्थ २० टक्के सूट नव्हे. १०० ग्रॅमच्या भावात १२० ग्रॅम मिळाले, तर प्रत्येक ग्रॅममागे सुमारे १७ टक्केच वाचतात. ‘तीनवर एक मोफत’ म्हणजे चार वस्तू घेतल्या तरच २५ टक्के सूट. एकच हवी असेल तर खिशातून तिप्पट पैसे गेले. ‘ठरावीक रकमेच्या वर खरेदी केल्यास घरपोच मोफत’ या वाक्याने किती जण चाळीस रुपयांचे भाडे वाचवण्यासाठी दोनशे रुपयांची नको असलेली वस्तू घेतात, ते आपण आपल्याच घरात मोजावे. त्या दांपत्याच्या बिलाखालची ‘बचत’ अशीच होती. न घेतलेल्या वस्तूवर होते ती खरी बचत. घेतलेल्या वस्तूवरच्या सुटीला फार तर कमी झालेला खर्च म्हणता येईल.

पाचवी युक्ती : हात मोकळा सोडणे

एके काळी सर्वत्र, आपल्या गावच्या वाण्याच्या दुकानात असते तशीच पद्धत होती. आपण यादी द्यायची, दुकानदाराने सामान काढून द्यायचे. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स या व्यापाऱ्याने ‘पिगली विगली’ नावाचे दुकान काढले आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने वस्तू उचलण्यास मोकळे सोडले. नोकरांचा खर्च वाचला, भाव कमी झाले, हे खरे. पण यादी आणि वस्तू यांच्या मधला एक टप्पा नाहीसा झाला. गिऱ्हाइकाच्या हातातली टोपली जड झाली की ते खरेदी थांबवत असे. हे पाहून १९३७ साली ओक्लाहोमा सिटीतील दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची गाडी आणली. प्रारंभी लोकांना ती ढकलण्याचा संकोच वाटला. तेव्हा त्यांनी पगारी माणसे ठेवली. ती गिऱ्हाईक असल्याचे भासवून दुकानात गाड्या ढकलत फिरत. त्यांना पाहून इतरही घेऊ लागले.

आपण हदीस शिकलो असाल तर येथे ‘नजश’ हा शब्द आठवेल. लिलावात स्वतःला घ्यायचे नसताना केवळ दुसऱ्याला भुलवण्यासाठी बोली वाढवणे म्हणजे नजश, आणि प्रेषितांनी (स.) त्यास मनाई केली आहे. ट्रॉलीच्या त्या प्रसंगात बोली नव्हती, म्हणून त्याला काटेकोर अर्थाने नजश म्हणता येणार नाही. पण खोटे गिऱ्हाईक उभे करून खऱ्या गिऱ्हाइकाला हलवणे, हा भाव तोच आहे. आज मोबाइलवर पैसे देऊन लिहवून घेतलेले कौतुकाचे अभिप्राय आणि ‘आत्ता एवढे लोक ही वस्तू पाहत आहेत’ अशा बनावट सूचना त्याच कुळातल्या आहेत.

हाताला जड होणारी टोपली ही देखील एक मर्यादा होती. मोबाइलमध्ये ती उरलीच नाही. तेथे वजन लागत नाही, नोटा मोजाव्या लागत नाहीत, दुकान बंद होत नाही. भारत सरकारच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या पद्धतींची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई निर्माण करणे, न विचारता टोपलीत वस्तू घालणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, शेवटच्या क्षणी किंमत वाढवणे, सदस्यत्वाच्या सापळ्यात अडकवणे ही त्यांपैकी काही. असा अनुभव आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तक्रार करणे हे भांडखोरपणाचे लक्षण नाही. वाईटाला रोखण्याच्या ज्या पायऱ्या हदीसमध्ये सांगितल्या आहेत, त्यांत जिभेचीही एक पायरी आहे.

दुकानदार बंधूंना दोन शब्द

या लेखाचा अर्थ असा घेऊ नये की व्यापार वाईट आहे. अल्लाहने व्यापार हलाल केला आहे आणि शोभेच्या वस्तूंना कोणी हराम ठरवू नये, असेही सूरह अल-आराफच्या ३२ व्या आयतीत बजावले आहे. माल नीट मांडणे, त्याचे खरे गुण सांगणे, भाव कमी करणे, यांत काहीच गैर नाही. स्वस्त पुड्यांमुळे गरिबाच्या घरीही चांगला साबण आणि शाम्पू पोहोचला, हेही मान्य केले पाहिजे. कसोटी एकच. आपली युक्ती गिऱ्हाइकाला कळली तर तो आपल्याला दुवा देईल की शाप? खरेदी-विक्रीत दोघे खरे बोलले आणि दोष उघड केला तर दोघांना बरकत, लपवले आणि खोटे बोलले तर बरकत नाहीशी, असे हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या कथनात आले आहे. रमजान जवळ आला की आपल्याही मोहल्ल्यांत फलक लागतात. मुबारक महिन्याच्या नावाने जुना माल खपवू नये, एवढी तरी हया आपण बाळगावी.

घरासाठी पाच नियम

१) यादी घरी करावी आणि ती दोघांनी मिळून करावी. यादीबाहेरची वस्तू हवीशी वाटली तर ती पुढच्या महिन्याच्या यादीत लिहावी. तोवर बहुतेक इच्छा आपोआप ओसरतात.

२) नवी बाटली आणण्यापूर्वी जुनी संपली आहे का, हे कपाट उघडून पाहावे. एकाच कामाच्या तीन बाटल्या असतील तर आधी त्या संपवाव्यात.

३) धुण्याच्या पावडरीसाठी एक लहान चमचा ठरवून डब्यातच ठेवावा. माप आपले असावे, झाकणाचे नसावे.

४) वेष्टनावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर भाव शोधण्याचे काम मुलांना द्यावे. त्यांचे गणितही पक्के होते आणि डोळेही उघडतात.

५) पगार हाती येताच प्रथम हक्काचे पैसे बाजूला काढावेत; आई-वडिलांचे, नातेवाइकांचे, गरजवंतांचे. किराणा त्यानंतर. आयतीचा क्रमही हाच आहे.

‘मुवत्ता’मध्ये एक प्रसंग आहे. हजरत जाबिर (रजि.) यांना खूप इच्छा झाली म्हणून ते मांस विकत घेऊन निघाले होते. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना अडवून विचारले की, शेजाऱ्यासाठी किंवा चुलतभावासाठी आपण आपले पोट थोडे आवरू नये काय? मांस हलाल होते, पैसे हलाल होते, इच्छाही स्वाभाविक होती. तरी खलिफांनी शेजाऱ्याची आणि भावाची आठवण करून दिली. खरेदीच्या क्षणी बाजार आपल्याला फक्त आपलीच आठवण देतो. दुसऱ्याची आठवण आपल्याला स्वतःच ठेवावी लागते.

त्या रात्री मी त्या तरुणाला एवढेच म्हटले की, हे बिल तुझ्या पत्नीच्या उधळेपणाचे नाही. तिला हिशेबात फसवले गेले आहे, आणि तूही कधी तिच्याबरोबर यादी करायला बसला नाहीस. माझ्या पत्नीने त्या भगिनीला स्वयंपाकघरात नेऊन आमच्या घरची साबणाची डबी आणि तिच्यातला चमचा दाखवला. आम्हीही पूर्वी त्याच वाटेने गेलो होतो, हे सांगायला ती विसरली नाही. निघताना ती भगिनी नवऱ्याला म्हणाली, “उद्या आधी अम्मीचे पैसे पाठवा, मग यादी करू.” ईदच्या दिवशी तो तरुण गळाभेट घेताना कानाशी हळूच म्हणाला, “मौलाना, दोन महिने झाले, पैसे वेळेवर जातात.” बिल किती कमी झाले, हे मी विचारले नाही.

वाचकहो, घरातील सर्वांना जवळ बसवून आज या तीन प्रश्नांवर बोलावे. आपल्या घरी अशी कोणती वस्तू आहे, जी केवळ कोणी नावे ठेवील या भीतीने येते? गेल्या महिन्यात ‘मोफत’ मिळालेली कोणती वस्तू अजून तशीच पडून आहे? आणि आपल्या कमाईत ज्यांचा हक्क आहे, त्यांपैकी कोणाचा हक्क अद्याप पोहोचलेला नाही?

हे अल्लाह, आमच्या कमाईत आणि आमच्या खर्चात बरकत दे. आम्हाला उधळेपणापासून आणि कंजूषपणापासून दूर ठेव. आमच्या घरांना एकमेकांवरील आरोपांपासून वाचव आणि हक्कदारांचा हक्क वेळेवर देण्याची तौफीक दे. आमीन.